क्लच बदलताना फ्लायव्हीलला फेसिंग मारायचं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१४ची पेट्रोल स्विफ्ट, ९६,००० किलोमीटर झालेले, रोजचा प्रवास वारजे ते हिंजवडी. महिन्यापूर्वी कात्रजच्या जुन्या घाटात इंजिनाचा आवाज वाढत होता, पण गाडी ओढत नव्हती, आणि जळका वास आला. एका गॅरेजवाल्याने क्लच सेट बदलायला सांगितला आणि वर ‘फ्लायव्हीललाही फेसिंग मारून घेऊ’ म्हणाला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारी ती जड लोखंडी चकती मशीनवर घासून सपाट करून घेऊ. दुसऱ्याने सांगितलं की फेसिंगची काही गरज नाही, उगीच चांगलं लोखंड कमी होतं. गणपतीला साताऱ्याकडे गावी जायचंय, त्याआधी काम उरकायचंय. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

मी सिंहगड रोडला गेली सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतो. माझं म्हणणं असं की आत्ता दोघांपैकी कोणाचंच ऐकू नका, कारण दोघांनीही तुमचं फ्लायव्हील बघितलेलं नाही. बघणं शक्यच नाही. ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, क्लचच्या मागे बसलेलं असतं. गिअरबॉक्स खाली उतरल्याशिवाय आणि प्रेशर प्लेट सोडल्याशिवाय त्याचं तोंड, म्हणजे क्लच प्लेट टेकते ती बाजू, दिसत नाही. म्हणून खरा प्रश्न ‘फेसिंग करायचं की नाही’ हा नाहीच. गिअरबॉक्स उतरल्यावर ते फ्लायव्हील कोण बघणार, काय काय तपासणार, आणि गरज निघाली तर चांगल्या मशीनवर पाठवायला वेळ ठेवलाय का, हा आहे. बहुतेक वेळा फेसिंग राहून जातं ते गरज नव्हती म्हणून नाही, तर ‘संध्याकाळी गाडी देतो’ असं कबूल केलेलं असतं म्हणून.

आधी एक छोटी खात्री करून घ्या. क्लच पेडलला वर थोडा मोकळा खेळ आहे ना, आणि केबल फार ताणलेली नाही ना, हे मेकॅनिककडून बघून घ्या. केबल जास्त ताणलेली असेल तर चांगला क्लचही घसरतो. पण जळका वास येऊन गेलाय आणि किलोमीटरही इतके झालेत, म्हणजे सेट संपला असणार असंच मला वाटतं.

आता फ्लायव्हीलच्या तोंडाला एवढं महत्त्व का, ते सांगतो. क्लच प्लेट दोन लोखंडी तोंडांमध्ये दाबली जाते. एका बाजूला प्रेशर प्लेट, दुसऱ्या बाजूला फ्लायव्हील. तुम्ही जो सेट विकत घेता त्यात प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवं येतं. म्हणजे नव्या प्लेटची एक बाजू कोऱ्या, सपाट लोखंडावर बसते आणि दुसरी बाजू ९६,००० किलोमीटर घासलेल्या लोखंडावर. जुनी प्लेट त्या तोंडाबरोबर झिजत झिजत त्याच्या आकाराची झालेली होती, त्यामुळे तिला ते चालत होतं. नवी प्लेट सपाट असते. तोंड लाटेसारखं झालं असेल तर ती फक्त उंचवट्यांवर टेकते. सगळा भार आणि सगळी उष्णता तेवढ्याच जागेवर येते. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना थरथर सुरू होते, प्लेटचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत होऊन जातं, आणि नवा सेट टाकूनही पाच-सहा महिन्यांत गाडी परत घसरायला लागते. ग्राहक म्हणतो सेट डुप्लिकेट दिला. बऱ्याचदा सेट चांगलाच असतो.

हे मात्र सरसकट लागू होत नाही. जुना क्लच कसा गेला यावर पुष्कळ अवलंबून आहे. हायवेला चाललेली, एका हाताची गाडी असेल, प्लेट हळूहळू आणि सारखी झिजली असेल, अस्तर पकडून ठेवणारे रिव्हेट वर आले नसतील, तर फ्लायव्हील बहुतेक वेळा साफ करून तसंच चालतं. अशा गाड्यांना मी स्वतः फेसिंग करत नाही, आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं अशा गाडीसाठी बरोबर आहे. तुमची गाडी त्यात बसत नाही असं मला वाटतं. वारजे-हिंजवडी म्हणजे चांदणी चौक आणि पुढे वाकडपर्यंत रांगत जाणं, आणि त्यातला बराच वेळ पाय हाफ क्लचवर. तिथे घसरणारी प्लेट रोज थोडी थोडी भाजते. वर कात्रजला वास येईपर्यंत घसरली, आणि त्यानंतर महिनाभर गाडी चालवलीत. म्हणून न बघता अंदाज सांगायचा तर तुमच्या फ्लायव्हीलवर डाग असणार आणि फेसिंग लागणार, असं मी धरून चालेन. पण शेवटचा निर्णय बघूनच.

बघायचं कसं, ते सविस्तर सांगतो, कारण मेकॅनिकने तुम्हाला फोन केला की तुम्हीही तिथे उभं राहून हे बघू शकता.

फ्लायव्हील इंजिनवर असतानाच पहिलं काम डायल गेज लावायचं, म्हणजे तोंड फिरताना किती डुलतं ते काट्यावर दाखवणारं माप. गेजचा पाया इंजिन ब्लॉकला पक्का करायचा, टोक तोंडाच्या बाहेरच्या कडेजवळ टेकवायचं आणि क्रँकशाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचा. फिरवताना क्रँक एकाच दिशेला दाबून धरायचा. नाहीतर क्रँकचा स्वतःचा पुढे-मागे होणारा खेळ त्या आकड्यात मिसळतो आणि चांगलं फ्लायव्हीलही वाकडं दिसतं. किती फरक चालेल ते प्रत्येक गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. लहान गाड्यांना साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा असते. बऱ्याच गॅरेजमध्ये हे गेज नसतं, किंवा असलं तरी ते काढायचे कष्ट घेतले जात नाहीत. तुम्ही नुसतं विचारलंत तरी फरक पडतो.

मग फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने किंवा थिनरने स्वच्छ पुसायचं आणि बॅटरीचा उजेड तिरका टाकायचा. समोरून उजेड टाकला तर काहीच कळत नाही, तिरप्या उजेडात चर आणि लाटा लगेच दिसतात. नख आडवं फिरवा. नख अडकत असेल तर चर खोल आहे, रिव्हेट टेकले असण्याची शक्यता मोठी. मग सरळ कडेची पोलादी पट्टी आडवी ठेवायची आणि तिच्याखालून फिलर गेजची (फट मोजायच्या मापाची) ०.०५ मिलिमीटरची पाती सरकते का बघायचं. सरकली तर तोंड सपाट राहिलेलं नाही. आतली आणि बाहेरची कडही बघा. प्लेट जिथे टेकते तिथलं लोखंड खाली गेलेलं असतं आणि काठाला उंबऱ्यासारखा कंगोरा उभा राहिलेला असतो.

रंगाचं जरा समजून घ्यावं लागतं. फिकट पिवळसर किंवा वरवरचा निळसर पापुद्रा पॉलिश पेपरने घासला की निघून जातो, त्याची चिंता नको. चिंता गडद निळ्या-काळ्या डागांची. रुपयाच्या नाण्याएवढे ठिपके, एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर. फ्लायव्हील बहुतेक बिडाचं असतं. घसरणाऱ्या प्लेटने एखादी जागा ७००-७५० अंशांच्या पुढे तापवली आणि आजूबाजूच्या थंड लोखंडाने ती उष्णता झटकन ओढून घेतली, की त्या जागेचं लोखंड पाणी दिल्यासारखं कडक होतं. लोहार छिन्नीला पाणी देतो तोच प्रकार, फक्त नको तिथे झालेला. हा कडकपणा वरच्या रंगापुरता नसतो, आत खोलवर गेलेला असतो. पॉलिश पेपरने निळा रंग जातो, कडक जागा राहते. पुढे आजूबाजूचं मऊ बीड झिजतं, ती जागा झिजत नाही, आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथेच टेंगूळ उभं राहतं.

याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक शाळेची व्हॅन आली होती. तोंडावर निळे डाग होते. मी फ्लायव्हील जवळच्या एका टर्नरकडे लेथवर फेसिंगला दिलं. परत आलं तेव्हा चकचकीत दिसत होतं, मी खूश होऊन लावलं. तीन आठवड्यांत व्हॅन परत आली. उचलताना अशी थरथरायची की पुढच्या सीटवरच्या मुलांची दप्तरं हलायची. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला आणि तोंडावर बोट फिरवलं, तर डागांच्या जागी बारीक उंचवटे हाताला लागले. लेथचं टूल मऊ लोखंड कापतं आणि कडक जागा आली की किंचित मागे दबतं, तिच्यावरून उडी मारून पुढे जातं. दिसायला सगळं एकसारखं, पण प्रत्येक डागाच्या जागी टेकडी शिल्लक. दुसऱ्यांदा ते ग्राइंडिंगवर केलं, दगड फिरत होता आणि ठिणग्या त्याच जागांवर जास्त उडत होत्या. ती दुसरी मजुरी मी त्या व्हॅनवाल्याकडून घेतली नाही, आणि तेव्हापासून डाग असलेलं फ्लायव्हील मी लेथवर देत नाही. दगड कडक आणि मऊ दोन्ही सारखं खातो. तुम्हीही फेसिंग करायचं ठरलं तर हा एक प्रश्न नक्की विचारा: लेथवर करणार की ग्राइंडिंगवर? डाग नसलेल्या, फक्त चर पडलेल्या तोंडाला चांगला टर्नर लेथवरही नीट काम करून देऊ शकतो. पण तुमच्या गाडीचा इतिहास बघता मी ग्राइंडिंगच मागेन.

तोंड सपाट असेल, डाग नसतील, नख अडकत नसेल, तर फेसिंगवर पैसे घालू नका. ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून एकदा एका दिशेने, एकदा आडव्या दिशेने हाताने घासायचा, म्हणजे जुनी चमक जाते आणि नव्या प्लेटला धरायला बारीक खरखरीतपणा मिळतो. मग परत क्लीनरने पुसायचं. हँड ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून तोंड ‘साफ’ करणारे मी बघितलेत. कृपा करून तसं करू देऊ नका. हाताने धरलेल्या चकतीने सपाट तोंड सपाट राहूच शकत नाही.

आता दुसऱ्या गॅरेजवाल्याची शंका, लोखंड कमी होण्याची. ती अगदी बिनबुडाची नाही, पण आकडा बघा. माझ्या कामात बहुतेक वेळा ०.२ ते ०.४ मिलिमीटर काढून तोंड स्वच्छ होतं. बाहेरून २०० आणि आतून १४० मिलिमीटर व्यासाची गोल पट्टी ०.३ मिलिमीटर घासली, तर पस्तीस ग्रॅमच्या आसपास बीड निघतं. काही किलोच्या फ्लायव्हीलपुढे ते जाणवतही नाही. सगळीकडून सारखं निघाल्यामुळे बॅलन्सही बिघडत नाही. मात्र किमान जाडी किंवा जास्तीत जास्त किती काढायचं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल तर ती रेषा ओलांडायची नाही. डाग घालवायला एक मिलिमीटर खायची वेळ आली तर मी नवं फ्लायव्हील घ्यायला सांगतो.

खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची घ्यावी लागते. काही फ्लायव्हीलचं तोंड पूर्ण सपाट असतं, काहींमध्ये प्लेट टेकायची जागा आणि प्रेशर प्लेट बोल्टने बसते ती जागा यांच्यात पायरी असते. सपाट असेल तर सगळं तोंड एकत्र घासलं जातं आणि प्रेशर प्लेटही तेवढीच पुढे सरकते, दाब बदलत नाही. पायरीवालं असेल आणि फक्त आतलं तोंड अर्धा मिलिमीटर खाली नेलं, तर नवी प्लेट पहिल्याच दिवशी अर्धा मिलिमीटर झिजल्यासारखी वागते. दोन्ही बाजू मिळून प्लेटचं झिजायचं अस्तर जेमतेम दोनेक मिलिमीटर असतं, त्यातलं तुम्ही घरी जायच्या आधीच घालवलं. म्हणून दोन्ही तोंडं मोजून सारखीच खाली न्यायची, पायरीची उंची आधी होती तेवढीच ठेवायची. मशीनवर द्यायच्या आधी ती उंची डेप्थ गेजने (खोली मोजायच्या मापाने) मोजून कागदावर लिहून सोबत द्या. प्रेशर प्लेटच्या डॉवेल पिना (तिची जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्या) काढूनच फ्लायव्हील मशीनवर चढवायला सांगा आणि परत बसवताना त्या पूर्ण आत गेल्यात ना बघा.

तडे दिसले तर? तोंडावर जाळीसारखे केसाएवढे बारीक तडे असतील आणि ग्राइंडिंगमध्ये निघून जात असतील तर फ्लायव्हील वाचतं. तडा आतल्या किंवा बाहेरच्या कडेपर्यंत गेला असेल, किंवा बोल्टच्या भोकाला जाऊन मिळाला असेल, तर ते फ्लायव्हील परत लावायचं नाही. मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेणारा लोखंडाचा तुकडा फुटला तर क्लचच्या घरातून बाहेर येऊ शकतो, आणि तुमचे पाय तिथून फार लांब नसतात. शंका असेल तर मशीन शॉपमध्ये तड्यात शिरणारा लाल रंग (डाय) मारून तडा बघून मिळतो. तेवढं जरूर करा.

हे सगळं एकसंध फ्लायव्हीलबद्दल. तुमच्या पेट्रोल स्विफ्टला तेच आहे. कोणी डिझेलवाला हे वाचत असेल तर थांबा. बऱ्याच डिझेल गाड्यांना, उदाहरणार्थ स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या टीडीआयला, दोन तुकड्यांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. तिथे तोंडापेक्षा आतल्या स्प्रिंगचा खेळ महत्त्वाचा असतो. तो किती डिग्रीपर्यंत चालतो हे कंपनी देते. ते साधारणपणे घासायचं नसतं. खेळ मर्यादेबाहेर गेला की बदलायचंच.

खर्चाचं थोडक्यात. ग्राइंडिंगची मजुरी क्लच सेटच्या किमतीपुढे लहान असते. मोठी मजुरी गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची. ती तुम्ही एकदा देणारच आहात, दुसऱ्यांदा द्यायला लागू नये एवढंच बघायचं. म्हणून तोंडाबद्दल मनात खरोखर शंका असेल तर मी फेसिंगच्या बाजूने झुकतो.

फ्लायव्हील उतरलंच आहे तर मागचं क्रँकचं ऑइल सील बघा. जरासुद्धा ओल असेल तर बदला, कारण तेलाचे चार थेंब नव्या प्लेटवर गेले तर सगळं फेसिंग वाया. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही तसंच. सेल्फ-स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) जिथे लागतं ती दात्यांची रिंग पूर्ण फिरवून तपासा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक दोन ठरावीक जागांवरच थांबतं, त्यामुळे दात समोरासमोरच्या दोन ठिकाणीच खाल्लेले सापडतात. फ्लायव्हील सोडण्याआधी क्रँकवर आणि त्याच्यावर खूण करून घ्यायची, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळायचे. ज्या गाड्यांचे बोल्ट एकदा ताणले की बदलायचे असतात, त्यांना नवेच लावायचे. स्वतःहून सांगतो, इथे पाचशे-हजार वाचवू नका.

पुण्यात हे काम करून मिळायला अडचण नाही. नाना पेठ-भवानी पेठेकडे जुनी इंजिनकामाची वर्कशॉप आहेत, भोसरी-चिंचवडला मशीन शॉप चिक्कार. फक्त वार बघा. एमआयडीसीत गुरुवारी बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते. बुधवारी दुपारी गिअरबॉक्स उतरला तर फ्लायव्हील शुक्रवारपर्यंत तसंच पडतं, आणि मग घाईत कोणीतरी ‘राहू द्या, पेपर मारून लावतो’ म्हणतो. सोमवारी सकाळी गाडी द्या, आणि देतानाच सांगा की दोन दिवस लागले तरी चालेल, प्रेशर प्लेट सोडली की मला बोलवा. जुनी प्लेटही टाकू देऊ नका, मागून घ्या. तिची कोणती बाजू जास्त जळलीय, रिव्हेट कुठे उघडे पडलेत, यावरून फ्लायव्हीलबद्दल अर्धं उत्तर मिळतं.

गणपतीचं म्हणाल तर निघायच्या किमान तीन आठवडे आधी काम संपवा. नवी प्लेट आणि घासलेलं तोंड एकमेकांना बसायला वेळ लागतो. पहिले ५०० किलोमीटर मी ग्राहकांना जपून चालवायला सांगतो: पूर्ण भार नको, हाफ क्लचवर उभं राहणं नको, चढावर गाडी क्लचवर तोलून न धरता हँडब्रेक लावा. तुमचं रोजचं जाणं-येणं धरलं तर तेवढ्या दिवसांत हे किलोमीटर साधारण होऊन जातील. सुरुवातीला एखाद-दोन दिवस हलका वास येऊ शकतो, त्याला घाबरू नका. आठवड्यानंतरही पहिल्या गिअरला थरथर असेल तर मात्र गावाला निघू नका. खंबाटकीच्या चढाला सामान आणि घरची माणसं घेऊन ते तपासायचं नसतं. आधी गाडी गॅरेजला परत दाखवा, आणि इंजिनाचं माउंटिंगही बघायला सांगा, कारण ते तुटलं असेल तरी अगदी अशीच थरथर येते. फ्लायव्हील उघडल्यावर तिरप्या उजेडात फोटो काढून पाठवलात तर मी बघून सांगेन.